पोषणाचा आराखडा गावाच्या वर्षावर कसा बसवावा: खान्देशच्या अनुषंगाने

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अन्न पिकत नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही. रावेर-यावलच्या केळीबागा, शहादा-शिरपूरकडची बागायत, साक्री-नवापूर पट्ट्यातील भात आणि तूर, सातपुड्याच्या उतारावरचा मका, ज्वारी आणि भगर हे सारे याच मातीत येते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. नंदुरबार जिल्ह्यात तर कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण निम्म्याहूनही अधिक निघाले. पीक आणि पोषण यांच्यामध्ये कुठेतरी मोठी गळती आहे, आणि सामुदायिक पोषण कार्यक्रमाचे नियोजन करायचे म्हणजे ही गळती नेमकी कुठे आहे ते शोधून तेथे माणसे, पैसा आणि अन्न वेळेवर पोहोचवायचे.

बहुतेक आराखडे ‘काय वाटायचे’ या प्रश्नापासून सुरू होतात. खिचडी द्यावी की लाडू, पाकीट द्यावे की गरम आहार, यावर बैठका झडतात. हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी त्याचा क्रम बराच नंतरचा आहे. त्याआधी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: आपल्या गावातील मुले कोणत्या वयात घसरतात, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत घसरतात आणि कशामुळे घसरतात. या तीन गोष्टींची उत्तरे धडगावच्या पाड्यावर वेगळी आणि चोपड्याच्या केळी मजुरांच्या वस्तीत वेगळी मिळतात, म्हणून एकच आराखडा दोन्ही ठिकाणी चालत नाही.

एकाच शब्दाखाली तीन वेगळे प्रश्न

कुपोषण हा शब्द आपण सरसकट वापरतो, परंतु त्यात निदान तीन निरनिराळ्या अवस्था येतात. वयाच्या मानाने उंची कमी राहणे, म्हणजे खुजेपणा, हा गर्भावस्थेपासून दीर्घकाळ चाललेल्या उपासमारीचा आणि वारंवारच्या आजारांचा परिणाम असतो. दोन वर्षांच्या पुढे तो भरून काढणे फार कठीण जाते. उंचीच्या मानाने वजन कमी असणे, म्हणजे मूल रोडावणे, हे बहुधा अलीकडच्या काही आठवड्यांतील अन्नटंचाईचे किंवा जुलाब-तापाचे लक्षण असते, आणि त्यातच जिवाला तातडीचा धोका असतो. वयाच्या मानाने वजन कमी असणे ही या दोहोंची मिसळ आहे. त्यावरून प्रश्न आहे एवढे कळते, पण कोणता ते कळत नाही.

नियोजनाच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे. गावात रोडावलेली मुले अधिक असतील तर शोध, उपचार आणि आजारांचा बंदोबस्त यांना अग्रक्रम द्यावा लागतो. खुजेपणा अधिक असेल तर मुलीचे लग्नाचे वय, गरोदरपणातील आहार आणि पहिल्या दोन वर्षांतील भरवणे येथपर्यंत मागे जावे लागते. तेथे सहा महिन्यांच्या मोहिमेतून काही दिसणार नाही, हे आधीच मान्य करून वरिष्ठांनाही तसे सांगावे लागते. पहिल्या वर्षी आकडे हलले नाहीत म्हणून चांगले काम बंद पडते, याचे मला फार वाईट वाटते.

कारणांचा विचार करताना युनिसेफने १९९० मध्ये मांडलेली चौकट आजही उपयोगी पडते. मूल कुपोषित होते ते अपुरा आहार आणि आजार या दोन तात्कालिक कारणांमुळे, आणि ही दोन्ही एकमेकांना वाढवतात. जुलाबाने भूक मरते, भूक मेल्याने प्रतिकारशक्ती घटते आणि मूल पुन्हा आजारी पडते. त्याच्या एक पायरी खाली घरातील अन्नाची शाश्वती, आईला मुलाकडे पाहण्यासाठी मिळणारा वेळ, पिण्याचे पाणी, शौचालय आणि दवाखान्याचे अंतर ही कारणे असतात. त्याहून खाली जमीन, मजुरी, शिक्षण आणि स्त्रीचे घरातील स्थान येते. सारी कारणे एका योजनेत सोडवता येणार नाहीत, पण कोणत्या पायरीवर आपण काम करतो आहोत याचे भान ठेवले नाही, तर आईला वेळच नसलेल्या घरात आपण पाककृतींचे प्रशिक्षण देत बसतो.

गावाचे वर्ष

सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. सातपुड्याच्या पायथ्याचे वर्ष तसे चालत नाही. दिवाळी आटोपली की अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शिरपूर, साक्री या भागांतील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात; कोणी गुजरातेत जाते, कोणी राज्यातल्याच कारखान्यांवर, कोणी वीटभट्टीवर. लहान मुले सोबत जातात, कारण अंगावर पिणारे मूल मागे ठेवता येत नाही. होळीला काही जण येऊन जातात, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास गावे पुन्हा भरू लागतात. परतलेल्या मुलांपैकी अनेकांचे वजन खाली गेलेले असते, लसीकरण चुकलेले असते आणि अंगणवाडीच्या नोंदवहीत त्या महिन्यांच्या रकान्यात ‘स्थलांतरित’ एवढाच शब्द असतो.

त्यानंतर लगेच पावसाळा येतो. घरातील धान्याची कणगी जुलै-ऑगस्टमध्ये तळाला जाते, कारण नवे पीक दसरा-दिवाळीला हाती येणार असते. याच दिवसांत आई पेरणी-निंदणीसाठी सकाळपासून शेतात असते. पाणी गढूळ होते, जुलाब, हिवताप आणि न्यूमोनिया वाढतात, नाल्यांना पूर येऊन पाड्यांचे रस्ते तुटतात. नर्मदेच्या काठावरील काही गावांना तर बोटीतून जाणारा तरंगता दवाखाना हाच आधार असतो. अन्न कमी, आजार जास्त आणि आई घरी नाही, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येतात, म्हणून जून ते सप्टेंबर हा काळ लहान मुलांसाठी सर्वांत जोखमीचा ठरतो.

आता हे वर्ष आर्थिक वर्षाशेजारी ठेवून पाहावे. एप्रिलमध्ये आराखडा मंजुरीला जाणार, नंतर निधी येणार, नंतर खरेदी होणार, आणि जूनच्या पहिल्या पावसाला रस्ता बंद होणार. म्हणजे सर्वाधिक गरजेच्या महिन्यांसाठी लागणारी सामग्री मेअखेर पाड्यावर पोहोचलेली हवी असेल, तर तिची मागणी आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात नोंदवावी लागते. ही साधी बाब आहे, पण अनेक आराखडे येथेच अडखळतात.

जळगाव आणि धुळ्याच्या सपाट भागात वर्षाचा आकार निराळा असतो. तेथे कापूस वेचणीच्या महिन्यांत, साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, मजूर स्त्रियांच्या हाती पैसा असतो पण वेळ नसतो. तान्हे मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते आणि त्याला दुपारी कोण काय भरवते हे कोणालाच नीट ठाऊक नसते. अशा गावात वेचणीच्या हंगामात चालणारे पाळणाघर आणि तेथे मिळणारे दोन वेळचे घट्ट, ताजे अन्न यांचा उपयोग धान्यवाटपापेक्षा अधिक होतो. सालदारांची (वर्षभराच्या बोलीवर ठेवलेल्या शेतमजुरांची) वस्ती असलेल्या गावांत आखाजीला साल बदलते, कुटुंबे एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जातात आणि नोंदीतून सुटतात; म्हणून त्या पंधरवड्यात अंगणवाडी सेविकेने मळ्यांवर फेरी मारून यादी नव्याने करणे आराखड्यातच लिहून ठेवावे.

पेजेची वाटी

गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे १००० दिवसांत कुपोषणाची पाळेमुळे असतात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध पुरते. सहा महिने पूर्ण झाल्यावर मात्र वरचे अन्न सुरू व्हायलाच हवे, आणि आपल्याकडे घसरण बहुधा येथूनच सुरू होते.

घरात जे दिसते ते येथे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. बारा ते तेवीस महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या मुलाला दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ५५० किलोकॅलरी लागतात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला सुमारे ३००. आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावते. आई मोठ्या मायेने वाटीभर पातळ पेज पाजते. त्यात २० ग्रॅम पीठ असले तर त्या वाटीतून सुमारे ७० किलोकॅलरी मिळतात. मुलाचे पोट भरते, ते शांत होते, आईला वाटते पोर जेवले. परंतु ५५० गाठायचे तर अशा जवळपास आठ वाट्या लागतील, आणि तेवढ्या कोणतेच मूल पिणार नाही. त्याच वाटीत ४० ग्रॅम पीठ, चमचाभर तेल आणि १० ग्रॅम दाण्याचे बारीक कूट घातले, तर ती २४० किलोकॅलरीच्या आसपास जाते आणि दोन-अडीच वाट्यांत दिवसाची गरज भागते. पेज फार घट्ट होऊन मूल गिळत नसेल, तर धान्याला मोड आणून, वाळवून दळलेले थोडे पीठ त्यात घालून शिजवावे. पेज पातळ होते, पण तिची ताकद तेवढीच राहते.

दुप्पट पीठ, एक चमचा तेल आणि थोडे दाण्याचे कूट, एवढ्याने पडणारा हा फरक प्रत्येक सेविकेने आईच्या घरात, आईच्याच भांड्यात करून दाखवावा. सभेत सांगितलेले विसरले जाते, चुलीपाशी केलेले लक्षात राहते. ते अहिराणीत, पावरीत, भिलीत किंवा मावचीत सांगितले जावे हेही तितकेच आवश्यक आहे, कारण प्रमाण मराठीतील भित्तिपत्रक सातपुड्यातील आजीपर्यंत पोहोचत नाही, आणि घरात बाळाला काय द्यायचे हे बहुधा आजीच ठरवते.

खान्देशी स्वयंपाकात या कामाला लागणारे बरेच काही मुळातच आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद एकत्र येतात, आणि धान्यात कमी असणारे प्रथिनांतील घटक डाळ भरून काढते. अंबाडी, मेथी, शेवग्याचा पाला, तीळ, हरभरा हे परके पदार्थ नाहीत. प्रश्न असतो तो हे अन्न घरातल्या सर्वांत लहान ताटापर्यंत, मऊ करून, दिवसातून चार-पाच वेळा जाण्याचा.

केळीच्या बाबतीत एक खुलासा करणे भाग आहे. राज्याच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी क्षेत्रातील गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळतो, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. केळी आपल्या भागात सहज मिळते, त्यामुळे तिच्याकडे कल होणे स्वाभाविक आहे. पण एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, तर एका केळीत जेमतेम १ ग्रॅम. केळी ऊर्जा देते, अंड्याची जागा घेत नाही. ज्या घरात अंडे चालत नाही तेथे केळीबरोबर शेंगदाणे, फुटाण्याचे पीठ किंवा दूध यांची सोय आराखड्यात आधीच करावी.

मोजणी आणि संख्या

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांतील धोका ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी. डावा हात कोपरात दुमडून खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांचा मध्य काढायचा, मग हात सैल सोडून तेथे पट्टी गुंडाळायची. ती मांसात रुतता कामा नये आणि सैलही राहता कामा नये. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित (सॅम), ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित (मॅम) समजतात. दोन्ही पायांवर सूज असेल तर घेर कितीही असो, मूल तीव्र कुपोषितच धरायचे. पट्टी थोडी ढिली राहिली तरी लाल रंगाच्या (तीव्र) गटातील मूल पिवळ्या (मध्यम) गटात जाते आणि उपचाराविना घरी परतते, म्हणून या मोजणीचे प्रशिक्षण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पुन्हा द्यावे.

यानंतर नियोजनातील एक हिशेब येतो, जो वारंवार चुकतो. समजा, एका तालुक्यात या वयाची १०,००० मुले आहेत आणि एका दिवसाच्या तपासणीत ४ टक्के, म्हणजे ४०० मुले तीव्र कुपोषित आढळली. औषधे आणि आहार ४०० मुलांसाठीच मागवला तर तो वर्ष पुरणार नाही, कारण त्या दिवसानंतरही नवी मुले घसरत राहतात. उपचार न मिळाल्यास ही अवस्था सरासरी साडेसात महिने टिकते असे धरून, वर्षाची संख्या काढण्यासाठी एका दिवसाच्या संख्येला २.६ ने गुणण्याची पद्धत आहे. म्हणजे वर्षभरात सुमारे १,०४० मुलांची तयारी ठेवावी लागते. आपल्या भागात या आकड्याकडेही सावधपणे पाहिले पाहिजे. तपासणी जानेवारीत झाली तर निम्मा पाडा ऊसतोडीवर गेलेला असतो आणि संख्या फसवी कमी येते. म्हणून वर्षातून निदान दोनदा, आखाजीनंतर आणि पावसाळ्याच्या मध्यावर, पूर्ण मोजणी करावी.

सापडलेल्या प्रत्येक मुलाला रुग्णालयात न्यावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि इतर संयुक्त राष्ट्र संस्थांनी २००७ मध्ये जी दिशा दिली, तिचा सारांश असा की भूक शाबूत असलेल्या आणि अन्य गुंतागुंत नसलेल्या मुलांवर गावातच उपचार होऊ शकतात. आपल्याकडे हे काम ग्राम बाल विकास केंद्र करते. ताप, सूज, सततची उलटी किंवा भूक मेलेली असलेल्या मुलांना पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. तेथे आईने साधारण दोन आठवडे राहणे अपेक्षित असते. मजुरी बुडते, घरी दोन पोरे आणि जनावरे असतात, आणि नवरा तिसऱ्या दिवशी घ्यायला येतो. आईला निष्काळजी ठरवून यातून काही साधत नाही. बुडालेल्या मजुरीची भरपाई केंद्रातून निघतानाच हातात पडावी, मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय अंगणवाडीने करावी आणि घरातील कर्त्या पुरुषाशी आधी बोलून घ्यावे, या तीन गोष्टी लेखी ठरलेल्या असल्या की मुले उपचार पुरा करून परततात.

यंत्रणा आहे, सांधे निखळलेले आहेत

नवी यंत्रणा उभारण्याची गरज क्वचितच असते. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने, तर गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा पूरक आहार हा मुळात ठरलेला हक्क होता; २०२३ मध्ये हे निकष सुधारले गेले, पण पूरक आहाराचा हक्क कायम आहे. ८ मार्च २०१८ पासून पोषण अभियान आहे, आशा आणि परिचारिका आहेत, गावात आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आहे, आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना पेसा कायद्याखालील निधी मिळतो. उणीव असते ती या सर्वांनी एकाच यादीवर काम करण्याची. सेविकेची यादी, आशाताईंची यादी आणि दवाखान्याची यादी जुळत नाही, तोपर्यंत तिन्ही विभाग आपापले काम पूर्ण दाखवतात आणि मूल मध्येच राहते.

रक्तक्षयाचे काम याच सांध्यावर अडते. पाचव्या सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गरोदरपणात किमान १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते; तिच्याबरोबर चहा किंवा कॅल्शियमची गोळी घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, लिंबू किंवा आवळ्याने शोषण वाढते. मात्र आपल्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि तो रक्तक्षय लोहाच्या गोळीने बरा होत नाही. म्हणून किशोरवयातच सिकलसेलची चाचणी होऊन तिचे कार्ड मुलीच्या हाती असावे आणि आजार असलेल्यांचा औषधोपचार डॉक्टरांनी ठरवावा.

कार्यक्रम चालू झाल्यावर त्याचे यश किती पाकिटे वाटली यावरून ठरवू नये. गरजू १०० मुलांपैकी ८० मोजली गेली, त्यांतील तीन चतुर्थांश, म्हणजे ६० मुले अचूक ओळखली गेली, त्यांतील दोन तृतीयांश, म्हणजे ४० उपचाराला आली आणि त्यांतील तीन चतुर्थांश बरी झाली, तर शेवटी ३० मुलेच बरी होतात. प्रत्येक विभागाला आपला टप्पा बरा गेला असे वाटते, तरी ७० मुले सुटलेली असतात. कोणत्या टप्प्यावर सर्वाधिक मुले सुटतात ते दर महिन्याला पाहिले, तर पुढच्या महिन्याचे काम आपोआप ठरते. पाड्यापासून केंद्र दूर म्हणून मुले येत नसतील, तर दुसरे चांगले पाकीट आणून उपयोग नाही. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या गावी तपासणी ठेवावी. पाकीट घरी नेल्यावर चार भावंडांत वाटले जात असेल, तर त्या कुटुंबाच्या शिधापत्रिकेची अडचण आधी सोडवावी.

स्थलांतराचा प्रश्न या पाहणीत स्वतंत्र रकाना मागतो. निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे ठिकाण दिवाळीपूर्वीच, मुकादमाचा संपर्क आणि मुलाचे शेवटचे वजन सेविकेने लिहून घ्यावे, लसीकरणाचे कार्ड आणि काही आठवड्यांचा आहार सोबत द्यावा, आणि ज्या भागात टोळी जाणार तेथील अंगणवाडीला तालुक्याच्या प्रकल्प अधिकाऱ्यांनी ते कळवावे. पूरक आहाराचा हक्क गाव बदलल्याने संपत नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर लाभार्थ्याची नोंद एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येते. कुटुंबे परतताच सात दिवसांत मुलांची फेरमोजणी करून यादी ग्रामसभेपुढे वाचावी. मुलांची नावे न घेता केवळ पाड्यानिहाय संख्या वाचली तरी पुरे. मे संपण्यापूर्वी कोणत्या पाड्यावर किती आहार, किती औषधे आणि निंदणीच्या दिवसांसाठी किती पाळणाघरे लागतील, हे त्याच सभेत ठरवता येते, आणि त्यासाठी लागणारी मागणी हिवाळ्यातच नोंदवलेली असेल तर पहिला पाऊस पडण्याआधी गाडी पाड्यावर पोहोचते.